‘अ‍ॅकॅडेमिक’ फक्त मुखपृष्ठावर

आलं, परत तेच आलं. सत्र तोंडावर, माझ्या वर्गासाठी कॉलेजातलं इंग्रजी वाचायला शिकवणारं एक पुस्तक निवडायचंय आणि माझ्या टेबलावर सात पुस्तकांची चळत. सातही ‘अ‍ॅकॅडेमिक रीडिंग’. सातही मुखपृष्ठांवर लॅपटॉपकडे बघून खिदळणारी पोरं. वाचताना एवढं हसू कुणाला येतं हो?

आत काय, तर धडा पहिला: आनंदी कसं राहावं. धडा दुसरा: रोबो आपली नोकरी खाणार का. सहाशे शब्दांचा उतारा, अर्धं पान फोटो, अवघड शब्द ठळक, अर्थ लगेच खाली. हे वेटिंग रूममधलं मासिक झालं! माझी मुलं पुढच्या वर्षी कॉलेजात मानसशास्त्र, अर्थशास्त्र इंग्रजीतून शिकणार. तिथे तीस पानांचं प्रकरण देऊन ‘सोमवारी वाचून या’ म्हणतात. तिथला लेखक आधी दुसऱ्याचं म्हणणं दोन पानं मांडतो, मग एक ‘तथापि’ टाकून ते खोडून काढतो. माझी मुलं ते खोडलेलं म्हणणंच लेखकाचं मत म्हणून लिहून आणतात. आणणारच! त्यांच्या पुस्तकात कधी कुणी कुणाला खोडलेलंच नसतं.

आणि ते प्रश्न! ‘उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता?’ चार पर्याय, त्यातले तीन उघड उघड खुळचट. एकदा वैतागून मी उतारा न देता नुसते प्रश्न सोडवायला दिले. एका मुलीला दहापैकी सात! याला म्हणे आकलन.

शब्दसंग्रहाचं तर विचारूच नका. शब्दसंग्रहाच्या अभ्यासक एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० इंग्रजी शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुल) यादी केली. अ‍ॅकॅडेमिक मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द त्यात येतात. बाईंचं काम चोख. पण पुस्तकवाल्यांनी काय केलं? प्रत्येक धड्यात दहा शब्द, गाळलेल्या जागा भरा, संपलं. पुढच्या धड्यात त्यांतला एकही शब्द तोंड दाखवत नाही. अहो, शब्द दहादा भेटल्याशिवाय ओळखीचा होतो का? याच विषयाचे दुसरे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला, की कुणाच्या मदतीशिवाय इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुलं लागतात. आणि हे पुस्तकवाले शंभरेक शब्द देऊन ‘कॉलेजसाठी सज्ज’ छापून मोकळे.

नवी आवृत्ती म्हणजे काय, तर फोटो बदलले आणि पानांचे आकडे सरकवले. ऑनलाइन सरावाचा कोड एकदा वापरला की बाद. म्हणजे मोठ्या बहिणीचं पुस्तक धाकट्याला चालता कामा नये, एवढीच काय ती सुधारणा.

हे सगळं मी बैठकीत बोललो. उत्तर आलं, ‘पण सर, रंगीत आहे, मुलांना आवडेल.’

शेवटी त्यातल्या त्यात बरं म्हणून चौथं निवडलं. त्यात एक खराखुरा मोठा उतारा आहे, आठ पानांचा, तळटीपांसकट. बाराव्या धड्यात. आमचा कुठलाही वर्ग आजवर नवव्याच्या पुढे गेलेला नाही.