चवथीच्या पाहुण्यांसाठी वायफायची सिद्धता

फोंडा तालुक्यातल्या मूळ घरी चवथीला मुंबई-पुण्याहून सगळे कुटुंब उतरते, आणि रीतसर रजा टाकून आलेल्या प्रत्येकाची तातडीची मीटिंग नेमकी आरतीच्या वेळी निघते. यजमान म्हणून आपली अब्रू आता नेवऱ्यांइतकीच वायफायवर अवलंबून असल्यामुळे ॲक्सेस पॉइंटच्या, म्हणजे घरभर वायफाय पसरवणाऱ्या यंत्राच्या, रेडिओ सेटिंग्जचे पान आपण स्वतःच उघडावे. जाणकाराला बोलावू नये. तो घरभर फिरतो, खोलीखोलीत मोजमापे घेतो आणि शेवटी बहुतेक आकडे कमी करून जातो. पैसे मोजून आकडे कमी करून घेणे कोणत्याही मानी घराण्याला शोभणारे नाही.

पहिले कर्तव्य म्हणजे ट्रान्समिट पॉवर, म्हणजे यंत्र ज्या जोराने लहरी सोडते ती शक्ती, शेवटच्या टोकापर्यंत चढवणे. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट होते, म्हणजे १४ डीबीएमवरून (हे या शक्तीचे माप) २३ वर गेल्यास ती आठपट झाली, आणि एवढी मोठी वाढ बाजारात कोणी फुकट देत नाही. मग चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडे, परसातल्या विहिरीपाशी उभ्या असलेल्या भाच्याच्या फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतील, तो समाधानाने मीटिंगमध्ये शिरेल, आणि पलीकडच्यांना त्याचा एक शब्दही धड ऐकू जाणार नाही. कारण ॲक्सेस पॉइंटचे बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचले तरी बॅटरी जपणारा फोनचा इवलासा रेडिओ त्याच भिंतींतून तेवढ्याच जोराने उत्तर देऊ शकत नाही. भाचा अर्थातच फोनला दोष देईल. तो देऊ द्यावा, दांड्यांचा पुरावा आपल्या बाजूने आहे.

देशाच्या रकान्यात भारत निवडण्याचा भाबडेपणा करू नये. आपल्याकडे वायफायच्या लहरींची २.४ गिगाहर्ट्झची पट्टी परवान्याशिवाय वापरता येते आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचाही मोठा भाग खुला झाला, हे खरे. पण परदेशी असलेल्या दिराने अमेरिका निवडायला सांगितले असेल, तर त्याचा मान राखावा. त्याने १२ आणि १३ हे दोन चॅनेल, म्हणजे २.४ च्या पट्टीतले दोन क्रमांकित भाग, यादीतून गायब होतात आणि निवडीचा त्रास तेवढाच वाचतो. कायद्याचा प्रश्न उरतो, पण तो चवथीनंतर पाहता येईल.

चॅनेलच्या बाबतीत मात्र घाई नको, इथे खरे कसब आहे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये शेजारशेजारच्या चॅनेलांत ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते आणि प्रत्येक चॅनेल सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो, म्हणून शहाणी माणसे १, ६ आणि ११ यांपैकीच एक घेतात. वाड्यावरचे एक घर १ वर आणि दुसरे ६ वर असेल, तर आपण ३ घ्यावा. कोणाचीच बाजू न घेणारा असा मध्यममार्ग दुसरा नाही. १ वर गेलो असतो, तर आपली आणि शेजाऱ्याची उपकरणे एकमेकांचे ऐकून आळीपाळीने बोलली असती, म्हणजे वेग थोडा वाटला गेला असता, इतकेच. ३ वर बसल्यावर आपले बोलणे दोन्ही घरांना निव्वळ गोंगाट वाटते आणि त्यांचे आपल्याला, त्यामुळे तिन्ही घरांत माहितीची तीच पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवण्याचे काम अखंड चालू राहते. शेजारधर्म याहून समतेने पाळता येत नाही. चॅनेलची रुंदीही २० मेगाहर्ट्झवर न ठेवता ४० करावी, ८३.५ मेगाहर्ट्झच्या सामायिक पट्टीतली जवळजवळ निम्मी जागा एकट्याने अडवल्याचा आनंद मिळतो, आणि रुंदी दुप्पट झाल्याने गोंगाटही दुप्पट आत येतो.

५ गिगाहर्ट्झचा रेडिओ सरळ बंदच करावा. तिथे चॅनेल पुष्कळ, गर्दी कमी आणि नवे फोन तिकडे चटकन रमतात, मग २.४ वर एवढी मेहनत घेतली कशासाठी?

नेटवर्कची नावे निदान सहा असावीत. घरचे, पाहुणे, मुले, कॅमेरे, टीव्ही आणि एक भटजींसाठी. प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा बीकन पाठवून आपले अस्तित्व जाहीर करते, आणि किमान वेग १ एमबीपीएसवरच राहू दिला तर अशा एका घोषणेला अडीच-तीन मिलिसेकंद सहज लागतात. हिशेब केल्यास सातवा हिस्सा वेळ, घरात एकही फोन चालू नसताना, केवळ नावे पुकारण्यात जातो. यावर कोणी किमान वेग वाढवायला सुचवील. त्याला घरातल्या सर्वांत जुन्या, मंद वेगाच्याच प्रिंटरची आठवण करून द्यावी, मग तो प्रिंटर कितीही वर्षे बंद असो.

जागेचा प्रश्न चवथीत आपोआप सुटतो. ॲक्सेस पॉइंट माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीच्या, मागे टांगला की नारळ, चिबूड, आंबाडे आणि सुपारीचे घड अशी पाण्याने भरलेली फळे त्याच्यापुढे येतात. पाणी ही लहर चांगलीच शोषून घेते, शिवाय यंत्र दिसत नसल्याने फोटोही छान येतात.

एवढे करूनही तक्रारी आल्याच, तर दुसरा ॲक्सेस पॉइंट आणून पहिल्याच्या शेजारच्या खोलीत लावावा, त्यालाही पूर्ण शक्ती द्यावी, आणि दोघांची टक्कर होऊ नये म्हणून त्याला चॅनेल ४ द्यावा.