मंगळाची हवा, अणूचं इंजिन आणि आपलं 'ते करतील, मग घेऊ'

अमेरिकेत बसून घरच्यांचे वाद ऐकत असतो, त्यात मंगळाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, अणुइंजिन वगैरे श्रीमंतांची कामं, ते करतील, झालं की आपण घेऊ. मला हे अजिबात पटत नाही.

कारण इथे ते इंजिन कधीच चालून झालंय! नेवाडाच्या वाळवंटात १९६९ मध्ये एक्सई प्राइम नावाचं रॉकेटचं अणुइंजिन २८ वेळा सुरू करून दाखवलं, अणुभट्टीत हायड्रोजन तापवायचा आणि नॉझलमधून सोडायचा, इतकं साधं तत्त्व. १९७३ मध्ये पैसे बंद, काम बंद. मग ड्रॅको नावाचा नवा अणुरॉकेटचा प्रकल्प आला, २०२३ मध्ये नासाही त्यात सामील झाली, २०२५ मध्ये तोही रद्द. पैसा आहे पण चिकाटी नाही, हे इथे राहून फार जवळून दिसतं.

मला खरा रस आहे तो अमेरिकन इंजिनिअर रॉबर्ट झुब्रिन यांनी १९८० च्या दशकाअखेरीस मांडलेल्या कल्पनेत. मंगळाची हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, तिथल्या थंडीत साधारण १० बारपर्यंत, म्हणजे पृथ्वीवरच्या हवेच्या दाबाच्या दहापट, दाबली की लिक्विड होते, टाकी भरा, अणुभट्टीवर तापवा आणि उडा. पाणी खणायला नको, केमिस्ट्री नको. नासाच्या पर्सिव्हिअरन्स या मंगळावरच्या रोव्हरवरच्या मॉक्सी नावाच्या यंत्राने याच हवेतून ऑक्सिजन काढला तर त्याला ८०० डिग्रीला तापावं लागलं आणि १६ वेळा चालून हाती आला एकूण १२२ ग्रॅम. किलोमागे जोर हायड्रोजनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच मिळतो हे खरं, पण जिथे उतराल तिथे टाकी परत भरता येते, म्हणजे एकाच यानाने अख्खा ग्रह फिरता येईल!

घोडं अडतं ते मटेरियलवर. अडीच हजार डिग्रीच्या आसपास हाच वायू फुटायला लागतो आणि सुटलेला ऑक्सिजन ग्रॅफाइट खातो, आणि नेवाडातलं इंधन ग्रॅफाइटमध्येच बसवलेलं होतं. म्हणजे 'झालं की घेऊ' म्हणायला तयार माल कोणाकडेच नाहीये.

आपल्याकडे ऑक्साइड इंधनाचा, म्हणजे ऑक्सिजनशी आधीच जोडलेल्या युरेनियमचा, कित्येक वर्षांचा अनुभव आहे, चांद्रयान-३ च्या प्रोपल्शन मॉड्यूलमध्ये एकेक वॅटचे दोन अणुहीटर होते, म्हणजे इस्रो आणि अणुखातं एकत्र बसू शकतात. गरिबीचा मुद्दा मी हलका मानत नाही, पण मी उद्या यान पाठवा म्हणतच नाहीये. विजेवर तापवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिरॅमिकचे तुकडे तासन्‌तास ठेवून कुठला टिकतो ते बघायचं, याला युरेनियमही लागत नाही, एक चांगली लॅब आणि दहा वर्षं मध्येच न तोडलेला निधी लागतो.