हात वर करा!

भाच्याने फोंड्याच्या आमच्या घरात टीव्हीखाली एक डेप्थ कॅमेरा आणून बसवला. "मामा, माऊस आता माळ्यावर टाक. नुसता हात हलवायचा."

2010 साली किनेक्ट हा हातवारे ओळखणारा खेळाचा कॅमेरा आला तेव्हापासून ही विद्या घराघरांत शिरली आहे. कॅमेरा खोलीभर इन्फ्रारेडचे न दिसणारे ठिपके फेकतो आणि ते कुठे किती सरकले यावरून प्रत्येक वस्तूचं अंतर काढतो. पुढचा प्रोग्रॅम भाच्याचा. त्याचा नियम सोपा: कॅमेऱ्याला जे सगळ्यांत जवळ, तोच हात.

हुमण-भाताच्या जेवणानंतर माझ्या बाबतीत सगळ्यांत जवळ काय असतं, हे त्याने विचारात घेतलं नव्हतं. हात खाली घेतला की पडद्यावरचा बाण पोटावर चालायचा. श्वास घेतला की वर, सोडला की खाली.

उन्हातही इन्फ्रारेड असतंच, त्यात कॅमेऱ्याचे ठिपके बुडतात. म्हणून खिडक्या बंद. मे महिन्यात, गोव्यात! फार जवळ उभं राहिलं तर त्याला दिसत नाही, म्हणून मी पार कपाटाला पाठ लावून, घामाने निथळत, नाटकातल्या राजासारखा हात उंचावून उभा. बाण थरथरतो म्हणून भाच्याने थरथर गाळली, तर तो इतका सुस्तावला की हात थांबल्यावरही तो आपला येतोच आहे. क्लिकसाठी हात पुढे ढकलायचा. पण हात नेमका सरळ पुढे कोणाचा जातो? चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीचा फोटो उघडायला गेलो की शेजारचा उघडे, आणि त्यात नेमका मी जेवत असे.

हात वर धरून धरून खांदा भरून आला. या दुखण्याला संगणकवाले 'गोरिला आर्म' म्हणतात. आईने खोबरेल चोळलं, पण नाव काही विचारलं नाही.

ऊन उतरल्यावर खिडकी उघडली आणि पुन्हा हात वर केला. रस्त्यावरून पदेर चालला होता. त्याने इन्फ्रारेडशिवाय क्षणात ओळखलं, सायकल थांबवली. "कितले पाव जाय?"

आता त्याला काय सांगणार? घेतले. आई टीव्हीपाशीच उभी होती. तिच्याकडे पिशवी द्यायला हात पुढे केला, आणि दिवसभरात प्रथमच क्लिक अचूक लागलं.

संगणक बंद झाला.