पुढाऱ्याचं निवेदन

पुढारी म्हणजे कुणी खरा पुढारी नव्हे. वॉर्डाच्या निवडणुकीत एकदा अनामत घालवली, तेवढ्यावर नाव चिकटलं. परवा कट्ट्यावर आला तो हातात निवेदन घेऊनच. विषय नाल्याचा. वास सगळ्यांच्याच नाकात आहे, तेव्हा ते पुराण इथं नको.

"ऐका," म्हणत तो उभा राहिला. बसून त्याला वाचताच येत नाही. "राज्य विधिमंडळाने येत्या अधिवेशनात जलप्रदूषण कायद्यात तातडीने दुरुस्ती करून दोषींना जन्मठेपेची तरतूद करावी, अन्यथा जनतेच्या उद्रेकाला..."

"उद्रेक राहू दे," बाटलीताई म्हणाल्या. "विधिमंडळाला ती दुरुस्ती करताच येत नाही."

बाटलीताई प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या, पण पिशवीत नमुन्याच्या बाटल्या अजून असतात. कट्ट्यावर वयानं त्याच मोठ्या, त्यामुळे पुढारीही त्यांच्याशी जपून बोलतो. म्हणजे प्रयत्न करतो.

"अहो ताई, पाणी राज्याचा विषय आहे!"

"आहे ना. म्हणून तर १९७४ चा जलप्रदूषण कायदा करताना संसदेला आधी राज्यांचे ठराव लागले, संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली. आपला महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६९ चा, प्रदूषण मंडळ निघालं ते १९७० मध्ये त्याच्याच खाली. केंद्राचा कायदा आपण १९८१ मध्ये घेतला. आणि असा घेतलेला कायदा बदलायचा तर संसदेनंच, हेही त्याच अनुच्छेदात आहे. राज्याला त्यातला स्वल्पविराम हलवता येत नाही, तू जन्मठेप घालायला निघालास."

"वकील, खरं का हे?" पुढाऱ्यानं विचारलं. वकिलांची सगळी वकिली खरेदीखतांत गेली. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. होकार होता की डुलकी, ते कळलं नाही.

"पण २०२४ च्या दुरुस्तीत कैद काढली ना?" पिंट्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"बरीचशी. हिमाचल आणि राजस्थाननं ठराव दिले, संसदेनं दुरुस्ती केली. इतर राज्यांनी ती घ्यायची तर ठराव करून घ्यायची. म्हणजे राज्याच्या सभागृहाचा हात लागतो तो तिथं. आमदाराला 'कायदा कडक करा' म्हणण्यात अर्थ नाही. 'ठरावाला हात वर करण्याआधी वाचलात का?' हे विचारायचं. कलम २४, म्हणजे पाण्यात घाण सोडायची बंदी, मोडलं तर मूळ कायद्यात दीड ते सहा वर्षं कैद. दुरुस्तीत १० हजार ते १५ लाख दंड, मोडतच राहिलात तर रोजचे १० हजार. निवाडा करणार केंद्राचा सहसचिव किंवा राज्याचा सचिव, किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी. अपिलाला हरित न्यायाधिकरणात जायचं तर दंडाच्या १० टक्के आधी भरायचे."

"पण ताई, कैद होती तेव्हा तरी आत कोण गेलं?" मास्तरांनी विचारलं. मास्तर कमी बोलतात, पण खडा बरोबर मारतात.

"तेच तर. खटला नमुन्यापाशीच पडायचा. दंड निदान वसूल तरी होऊ शकतो. पण ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र, चालवण्याच्या खर्चापेक्षा दंड स्वस्त पडला, तर कारखानदार तो सरळ खर्चात धरणार. भांडायचं ते १० हजारांच्या किमान दंडावर भांडा. जन्मठेपेनं टाळ्या पडतात, पाणी साफ होत नाही."

"नमुना ना? उद्या सकाळी आणतो की बाटलीत भरून!" पुढाऱ्यानं पायाशी पडलेली पाण्याची रिकामी बाटली उचलून दाखवली.

ताईंनी कपाळाला हात लावला. "त्यात कालचं सरबत होतं. नीट ऐक. विरघळलेला ऑक्सिजन बघायचा तर बाटली काठोकाठ, आत बुडबुडा नको, आणि मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड तिथल्या तिथं घालून तो बांधून टाकायचा. जिवाणू बघायचे तर बरोबर उलटं. बाटली निर्जंतुक केलेली, वर बोटभर मोकळी जागा, नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारायला आत सोडियम थायोसल्फेट. दोन्ही बर्फात. जिवाणूंची बाटली शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत, चोवीस तासांनंतर नेऊच नको. प्रवाहाच्या मध्यातून, फूटभर खालून, तोंड प्रवाहाकडे करून भर. काठावरचा फेस भरून आणलास तर फेसाचाच अहवाल मिळेल."

"आणि तो कोर्टात चालेल?"

"नाही चालणार."

"मग एवढं रामायण कशाला?"

"मंडळानं कुठं आणि किती वाजता यायचं, ते त्यांना सांगायला. पुराव्याचा नमुना कलम २१ प्रमाणं त्यांचाच अधिकारी घेतो. जागेवरच नोटीस, समोरच्यानं मागितलं तर दोन भाग, दोन्ही सीलबंद, सह्या. यातली पायरी चुकली की अहवाल पुराव्यात येत नाही. पाणी सोडतात रात्री दोनला आणि नमुना घेतात सकाळी अकराला, तर अहवाल उत्तमच येणार."

पिंट्यानं विचारलं, मंडळ आलंच नाही तर? त्यावर कलम ४९ निघालं. मंडळाला ६० दिवसांची नोटीस द्यायची, की अमुक गुन्हा झालाय आणि मी तक्रार करणार आहे. मग कुणीही माणूस थेट न्यायालयात जाऊ शकतो, आणि मागितले तर मंडळानं आपले अहवाल त्याला द्यायचे. संमतीपत्र म्हणजे सांडपाणी सोडायला मंडळानं दिलेली परवानगी; त्यातल्या अटींची नोंदवहीसुद्धा संबंधित माणसाला बघता येते, कलम २५ मध्येच तसं लिहिलंय. "हे मला कुणी सांगितलंच नाही," पुढारी म्हणाला. "तू कधी कुणाला बोलू दिलंस?" इति मास्तर.

"म्हणजे राज्याच्या हातात काहीच नाही?"

"भरपूर आहे. भूजल कायदा आपला स्वतःचा. २००९ चा, लागू झाला २०१४ ला, नियमांचा मसुदा आला २०१८ मध्ये. हरकती मागवल्या होत्या. तू तेव्हा कुठं होतास?"

"उत्सव मंडळाची वर्गणी," पिंट्यानं परस्पर उत्तर दिलं. "त्या पावतीपुस्तकांचा हिशोब अजून..."

"तो विषय वेगळा आहे!"

"बरं, नदी नियमन क्षेत्र आठवतंय?" ताई थांबेनात. "नदीपासून कुठला कारखाना किती लांब, ते ठरवणारं. २००० पासून होतं, २०१५ मध्ये मंत्रिमंडळानं एका निर्णयात काढून टाकलं. ते धोरण होतं, कायदा नव्हता. कायदा असता तर रद्द करायला विधेयक आणावं लागलं असतं, दोन्ही सभागृहांत बोलावं लागलं असतं. मागायचंच असेल तर ते मागा, की हे अंतर कायद्यात घाला."

पुढाऱ्याची पाचशे सह्यांची तयारी होती. ताईंनी तीही मोडीत काढली. एकाच मजकुराच्या पाचशे हरकती आल्या तर कार्यालय त्यांचा एक गठ्ठा बांधतं आणि एका ओळीत निकाली काढतं. त्यापेक्षा पाच पुरेत, पण प्रत्येकीत नियमाचा क्रमांक, आहे तो मजकूर, हवा तो मजकूर आणि कारण. मुदत राजपत्रातल्या तारखेपासून मोजायची, पेपरात बातमी आली त्या दिवसापासून नव्हे. विधेयक सभागृहात असेल तर आमदाराला भाषण द्यायचं नाही, दुरुस्ती द्यायची, तीही सभागृहाच्या भाषेत: खंड अमुक, ओळ तमुक, 'क्ष' या मजकुराऐवजी 'य' हा मजकूर दाखल करावा. तो कागद त्याला जसाच्या तसा मांडता येतो. आणि मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला तर आश्वासन समिती तो धरून बसते, म्हणून त्या दिवसाची कार्यवाही काढून ठेवायची.

"पण हा वास नेमका येतो कुठून?" मास्तरांनी मध्येच विचारलं. "कारखाने तर खालच्या अंगाला आहेत."

ताईंनी पुढाऱ्याकडं पाहिलं. "तुमच्या सोसायटीचा एसटीपी, सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, रात्री चालू असतो?"

पुढारी सोसायटीचा सचिव आहे. "रात्री ब्लोअर बंद ठेवतो. आवाज होतो. आणि बिल..."

"हवा बंद झाली की टाकीतला ऑक्सिजन बघता बघता संपतो. लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास तरी लागतो. गाळ तळाला बसतो, कुजतो, काम करणारे जिवाणू मरतात. सकाळी बटण दाबलं म्हणून ते उठून बसत नाहीत, नवे वाढायला दिवस जातात. तोवर जे बाहेर पडतं ते नाल्यात. संमतीपत्र कुणाच्या सहीचं आहे?"

पुढारी खाली बसला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

"म्हणजे साठ दिवसांची नोटीस..." पिंट्या मोबाइलमध्ये तारीख मोजायला लागला.

वकिलांनी डोळे उघडले, निवेदन हातात घेतलं, खिशातलं पेन काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "परिच्छेद एक, ओळ दोन. 'जन्मठेपेची तरतूद करावी' या मजकुराऐवजी 'समज देऊन सोडावे' हा मजकूर दाखल करावा."

"अनुमोदन!" पुढारी ओरडला.