जुना अर्थ म्हणजे खरा अर्थ नव्हे हो

घरात पासपोर्ट असेल तर काढा आणि आत राष्ट्रपतींच्या नावाने जी इंग्रजी विनंती छापलीये ती वाचा, जी आपण कोणी कधीच वाचत नाही. या माणसाला 'विदाऊट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्या असं त्यात म्हटलंय. आता लेट म्हणजे करू देणं हे आपण शाळेपासून घोकलंय, मग 'लेट'शिवाय जाऊ द्या म्हणजे काय? तर जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एक परवानगी देण्याचं आणि दुसरं बरोब्बर उलटं, अडवण्याचं, आणि घासत घासत दोघांचाही उच्चार 'लेट' झाला. अडवणारं रोजच्या बोलण्यातून गेलं, पण सरकारी कागदात राहिलं आणि टेनिसमध्येही. सर्व्हिस नेटला लागून पलीकडे पडली की 'लेट' म्हणतात ना, ते हेच (आमच्या सोसायटीत टेबल टेनिसला पोरं सरळ 'नेट' ओरडतात, कोणाचं काही अडत नाही).

मला सगळ्यात भारी वाटतो तो 'डिअर'. पत्रातला नाही, हरीणवाला. पूर्वी इंग्रजीत कुठलाही प्राणी म्हणजे डिअर. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये चक्क उंदीर-घुशी 'अँड सच स्मॉल डिअर' असं आहे. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'टीअर' आजही प्राणीच आहे. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे सेम टू सेम झालंय! मृग म्हणजे हरीण, बरोबर? मग मृगेंद्र म्हणजे सिंह कसा, तो काय हरणांचा राजा आहे? आणि माकडाला शाखामृग का म्हणायचं? कारण संस्कृतात आधी मृग म्हणजे रानातला कुठलाही प्राणी, नंतर आक्रसत हरणावर आला. दोन भाषा, हजारो मैल अंतर, आणि दोन्हीकडे शिकारीतलं लाडकं जनावर सगळ्यांचं नाव खाऊन बसलं.

'मीट'चंही तसंच. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये देव माणसाला झाडपाला आणि फळं देतो आणि म्हणतो हे तुम्हाला 'मीट' म्हणून दिलंय. शुद्ध शाकाहारी मीट! मीट म्हणजे नुसतं अन्न, म्हणून तर मिठाईला स्वीटमीट म्हणायचे.

हे सगळं वाचायला मजा येते, पण माझा वैताग वेगळाच आहे. असं काही कळलं की लगेच एक जमात कमेंटमध्ये काठी घेऊन येते, 'डेसिमेट' म्हणजे पूर्ण नाश नव्हे, खरा अर्थ दहातला एक मारणे, रोमन सैन्यात तशी शिक्षा होती वगैरे. अरे होती की, कोण नाही म्हणतंय? पण जुना तोच खरा असेल तर 'नाइस'चं काय करणार? तो लॅटिनमधल्या अज्ञानी या अर्थाच्या शब्दावरून आला, चौदाव्या शतकात नाइस म्हणजे मूर्ख. उद्यापासून कोणाच्या डीपीवर 'नाइस पिक' लिहू नका मग. आणि डिसेंबर म्हणजे तर दहावा महिना, थर्टी फर्स्ट ऑक्टोबरातच उरकून टाका.

त्यात आपल्या लोकांची तऱ्हा अजून न्यारी. इंग्लंडातला मेलेला अर्थ दिसला की वा वा क्लासिक, आणि आपल्याच ऑफिसात कोणी 'डू द नीडफुल' लिहिलं की हसायचं. हे काही आपल्या क्लार्क लोकांनी रचलेलं नाहीये, इंग्रज स्वतःच पत्रव्यवहारात लिहायचे, त्यांनी सोडलं, आपण ठेवलं. अमेरिकन लोकांनी तसंच 'गॉट'चं जुनं रूप 'गॉटन' ठेवलंय, त्यांना कोणी हसत नाही, की हसायलाही गोऱ्यांची परवानगी लागते? 'प्रीपोन' तर ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे, तरी मीटिंग प्रीपोन केली म्हटलं की एखादा तोंड वाकडं करतोच. मी दोन्ही वापरते, मेलमध्ये सुद्धा, आणि आजवर एकाही क्लायंटला अर्थ विचारावा लागला नाहीये.