'आय', 'मी' आणि मधला 'अँड'

एकटा असलो तर माझं इंग्रजी ठणठणीत असतं. 'आय कॉल्ड हिम', 'ही कॉल्ड मी'. करणारा असलो की आय, सोसणारा असलो की मी. झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही. पण वाक्यात सोबतीला आणखी कोणी आलं आणि मध्ये 'अँड' पडला, की भल्याभल्यांची तंतरते.

त्यात आपली वेगळीच गोची. इंग्रजीतला 'मी' कर्म, आपला 'मी' कर्ता. उच्चार तोच, खुर्ची वेगळी. शिवाय मराठीत भूक मला लागते, थंडी मला वाजते, गाणं मला आवडतं. सगळं येऊन माझ्यावर आदळतं, मी नुसता तिथे हजर. इंग्रजीत हीच कामं 'आय'ला जातीने करावी लागतात.

परवा साहेबांना मेल करायचा होता, की निर्णय झाल्यावर सहकाऱ्याला आणि मला कळवा. 'प्लीज इन्फॉर्म माय कलीग अँड' असं लिहून पुढे 'मी' टाकला, तेवढ्यात तो सहकारीच मागून डोकावला.

"अहो, 'मी' काय? 'आय' करा. साहेबांना जातोय मेल."

आता यावर साधी युक्ती आहे. जोडीदाराला क्षणभर वाक्याबाहेर काढायचं आणि उरलेलं वाचायचं. म्हटलं, "थांबा, तुम्हाला वगळून बघू."

"मला का वगळता? काम दोघांनी केलंय!"

'प्लीज इन्फॉर्म आय' हे कानाला कसं लागतं, ते त्याला दोनदा वाचून दाखवलं. त्याला ते भारदस्त वाटलं.

त्याचाही दोष नाही म्हणा. 'मी अँड माय फ्रेंड वेंट' म्हटल्यावर ज्यांनी लहानपणी ओरडा खाल्लाय, त्यांच्या मनात एकच बसलं: 'मी' गावंढळ, 'आय' सभ्य. मग दिसेल तिथे 'आय'. 'बिट्वीन यू अँड आय' म्हणणारे तर पैशाला पासरी, आणि त्यात जन्मापासून इंग्रजी बोलणारेही आले. खरं तर 'बिट्वीन', 'फॉर', 'विथ' यांच्यामागे 'मी'च हवा. 'विथ आय' कोणी म्हणत नाही.

हे लोढणं इंग्रजीच्या गळ्यात आलं कुठून? हजारेक वर्षांपूर्वी तिथेही नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय लागत. पुढे ते बहुतेक झडले आणि कर्ता-कर्म कोण हे शब्दांच्या क्रमावरून कळू लागलं. सर्वनामांनी मात्र जुनी रूपं सोडली नाहीत. शहाणा निघाला तो 'यू'. मुळात तो कर्माचाच. कर्त्याच्या जागी 'यी' असे. यूने हळूहळू यीला उठवलं आणि दोन्ही खुर्च्या बळकावल्या. बाकीच्यांनीही असंच केलं असतं तर किती बरं झालं असतं!

बरं, नियम पाळूनही सुख नाही. दारावर टकटक केली, आतून विचारलं "कोण?", तर कडक व्याकरणाप्रमाणे उत्तर 'इट इज आय'. असं म्हणणाऱ्याला मी तरी दार उघडणार नाही. सगळं जग 'इट्स मी' म्हणतं आणि आत जातं. 'हूम'चंही तेच. उत्तरात 'हिम' येत असेल तर प्रश्नात 'हूम', ही खूण सोपी आहे; पण फोनवर कोणी 'टू हूम अॅम आय स्पीकिंग' म्हटलं, की मला आधी कोर्टाची नोटीस आठवते.

खरी गंमत 'दॅन'नंतर. 'शी लव्ज द डॉग मोर दॅन आय' म्हणजे कुत्र्यावर माझं जितकं प्रेम आहे त्याहून तिचं जास्त. 'मोर दॅन मी' म्हटलं, तर काटेकोर अर्थ असा, की तिचा जीव आधी कुत्र्यावर आणि मग माझ्यावर. बोलताना लोक दोन्हीला 'मी'च वापरतात, म्हणून संशयाला जागा राहते. मराठीतही 'माझ्यापेक्षा' दोन्हीकडे चालतं.

हे सगळं बायकोला नीट समजावून सांगितलं आणि विचारलं, "मग तुझ्या बाबतीत यातलं कुठलं वाक्य बरोबर?"

कुत्र्याचे कान पुसता पुसता ती म्हणाली, "दोन्ही."