कार्डावरचा चौकोन

आमच्या भागात काळा-पांढरा चौकोन दिसला की त्याचा अर्थ एकच, पैसे द्या. पानठेल्यावर तोच, चहाच्या टपरीवर तोच, यात्रेत फुगेवाल्याच्या काठीला तोच आणि देवळात दानपेटीच्या डोक्यावरही तोच. २०१६ ला यूपीआय आलं, आमच्या दारव्हा तालुक्यापर्यंत पोचायला त्यानं जरा वेळ घेतला, पण आलं ते असं मुरलं की आता नोटा मोजणाऱ्याकडेच लोक संशयानं पाहतात. अशा ठिकाणी मंडप-गाद्या भाड्यानं देणाऱ्या माझ्या बिछायत केंद्राच्या व्हिजिटिंग कार्डावर क्यूआर कोड छापायचा आणि लोकांनी त्यातून माझा फोन नंबर काढावा अशी आशा धरायची, ही आयडिया ज्याची तो माझा पुतण्या पुण्यात राहतो हे वेगळं सांगायला नको.

"काका, कोण नंबर टाईप करत बसतं आजकाल? स्कॅन केलं की डायरेक्ट सेव्ह," म्हणे.

म्हटलं कर बाप्पा. त्यानं फोनवरच बसून नाव, दोन नंबर, पत्ता (हनुमान मंदिरासमोर, जुन्या जिनिंगच्या बाजूला, कोणाला पण विचारा), वर मंडप, गाद्या, खुर्च्या, भांडी, कूलर भाड्याने मिळतील असं सगळं कोडात कोंबलं, आणि तेही शुद्ध मराठीत. आता गंमत अशी की आपली मराठी या कोडाला पचायला जड. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमधे बसतं, आपलं मात्र तीन बाइट खातं आणि काना-वेलांटीचे वेगळे तीन. नुसतं 'बिछायत' लिहिलं तरी १८ बाइट गेले. सर्वात छोटा कोड २१ बाय २१ ठिपक्यांचा असतो, मजकूर वाढला की ठिपके वाढतात, पार १७७ बाय १७७ पर्यंत. माझ्या कोडाचे ठिपके इतके बारीक झाले की प्रिंटिंगवाल्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाला, "भाऊ, हे कोड हाय का तीळ सांडले?"

हा प्रिंटिंगवाला कलाकार माणूस. तालुक्यातल्या अर्ध्या लग्नपत्रिका त्याच्याच हातच्या. त्याला म्हटलं पुतण्यानं नवीन कोड पाठवला आहे, आता त्यात फक्त एक लिंक आहे, ठिपके मोठे आहेत, आहे तसा छाप. पण आहे तसं छापेल तो कलाकार कसला. धंदा लग्नाचा म्हणून कार्ड मरून रंगाचं, कोड सोनेरी, चारही बाजूंनी कोडाला चिकटून वेलबुट्टी. कोडाभोवती निदान चार ठिपक्यांइतकी रिकामी जागा सोडावी लागते, नाहीतर कोड कुठं संपला आणि वेलबुट्टी कुठं सुरू झाली हे मोबाईलला कळत नाही. आणि गडद रंगावर फिकट कोड छापला की बरेच मोबाईल नुसते पाहत राहतात. हे सगळं मला पुतण्याकडून फोनवर ऐकावं लागलं, जसं काही मीच छापलं होतं.

पण खरी कमाल पुढं आहे. कोडाच्या तीन कोपऱ्यात तीन मोठे चौकोन असतात ना, त्यावरूनच मोबाईलला समजतं की कोड सरळ आहे का उलटा. चौथा कोपरा मुद्दामच तसा सोडलेला असतो. आमच्या कलाकाराला वाटलं चौथा चौकोन राहून गेला. त्यानं कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधे एक कॉपी केला, चौथ्या कोपऱ्यात नेऊन चिकटवला आणि वरून मलाच सांगतो, "पोट्ट्यानं एक इसरला होता, मी बसवून देल्ला. पैसे नोका देऊ त्याचे."

१९९४ साली जपानमधे डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी गाडीच्या पार्टांचा हिशोब ठेवायला हा कोड बनवला, तेव्हा दारव्हा रोडवर त्यात कोणी सुधारणा करेल हे त्यांना कसं ठाऊक असणार.

शेवटी पांढरं कार्ड, काळा कोड, वेलबुट्टी बंद असं ठरलं. तरी प्रूफ आलं तर कोडाच्या मधोमध शेगावचे गजानन महाराज! पुतण्या तिकडून ओरडला, पण स्कॅन करून पाहिलं तर पहिल्याच झटक्यात चाललं. या कोडाला एक जास्तीचा बंदोबस्त करता येतो म्हणे, साधारण ३० टक्क्यांपर्यंत भाग झाकला गेला तरी तो वाचला जातो. प्रिंटिंगवाल्यानं हात जोडले. त्याला ३० टक्के सांगत बसण्यात अर्थ नव्हता.

कार्ड वाटायला मुहूर्त सापडला एका लग्नातच, आपलाच मंडप होता. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत सगळे कूलरला चिकटलेले, म्हणजे हलणारं गिऱ्हाईक नाही. मी एका काकांच्या हातात कार्ड दिलं. त्यांनी कार्ड पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"आहेर इथंच टाकाचा काय?"

"नाई काका, माझा नंबर हाय त्याच्यात."

"मंग पैसे कायले मागून रायला?"

तेवढ्यात शेजारच्या पोट्ट्यानं पेमेंटच्या ॲपमधे स्कॅन पण केलं. ॲप म्हणे कोड चुकीचा आहे. झालं, काकांनी स्वतःचा मोबाईल छातीशी धरला आणि "कटले काय रे, कटले काय?" सुरू केलं. म्हटलं काका, मोबाईल त्याचा, स्कॅन त्यानं केलं, तुमचे कसे कटतील? पण तोवर ही बातमी भांड्यांपाशी पोचली होती की बिछायतवाला कार्ड देऊन पैसे कापते. वऱ्हाडातल्या दोघांनी जेवण सोडून बॅलन्स तपासला.

मी लोकांना समजावत राहिलो की राजेहो, प्रत्येक चौकोन पैशाचा नसते. आणि त्यातच एक दिवस वर्धेकडून एका गिऱ्हाईकाचा फोन आला, भाऊ, तुमचा कोड इंग्रजीत पैसे मागून रायला. स्कॅन करून पाहिलं तर खरंच, पानावर एक गोरी बाई हसत होती आणि खाली महिन्याचे रेट. पुतण्यानं लिंकचा कोड एका फुकट वेबसाईटवरून केला होता. असा कोड आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो, मग आपल्याकडं येतो. फुकटची मुदत संपली आणि तो तिकडंच थांबला. म्हणजे लग्नातले काका जे म्हणत होते ते मुदतीच्या आधीच बरोबर होते.

पेटीभर कार्डं तर फेकवत नाहीत. मग मी काय केलं, दुकानाच्या खात्याच्या यूपीआय कोडाची छोटी स्टिकरं काढली आणि सगळ्या कार्डांवर बरोबर त्या चौकोनावर चिकटवली, महाराजांची माफी मागून. आता कोणी काही विचारत नाही. स्कॅन करतात, इसार टाकतात, तारीख पक्की. खातं बायकोच्या नावावर असल्यानं लग्नाची तारीख माझ्याआधी तिला कळते, तेवढं सोडलं तर चोख काम आहे.

फोन नंबर मी मागच्या बाजूला बॉलपेननं लिहून देतो.